डाव्या कळीचं उत्तर

आमच्या कामोठ्याच्या घरात ते अख्खं वर्ष कुकरची शिट्टी वाजली नाही. भात मी टोपात शिजवायचे, मिक्सर शेजारणीकडे नेऊन फिरवून आणायचे आणि दाराची बेल मिस्टरांनी वायर काढून बंदच करून टाकली होती. एवढं करूनही खालच्या रस्त्यावर एखाद्या टेम्पोने हॉर्न मारला की आमची रिद्धी कानांवर हात दाबून जमिनीवर आडवी पडायची आणि अर्धा अर्धा तास ओरडत राहायची. तेव्हा ती चार वर्षांची होती. नावाने हाक मारली तर वळत नव्हती. तहान लागली की माझं मनगट धरून मला माठापाशी ओढत न्यायची, पण माझ्या तोंडाकडे बघायची नाही. जणू मी म्हणजे एक हात होते, बाकी कोणी नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "मुलीला मारता का हो तुम्ही?" मी तिथून उठले. घरी येऊन देव्हाऱ्यातल्या गावदेवीच्या फोटोला पाठ करून बसले. एवढे मंगळवार धरले, तिने काय केलं, असंच मनात होतं.

मी मूळची सारसोळ्याची. वडील खाडीत जाळं टाकायचे, आई नेरूळच्या बाजारात मासळी विकायची. आमच्या सगळ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझी बी.एस्सी.ची पदवी आईने फ्रेम करून ओटीवर लावली आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अजूनही ती दाखवते, हाताला मासळीचा वास असला तरी. आज मी तळोज्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते, पाण्याचे नमुने तपासते. हे मी अभिमानानेच सांगते आहे. पण पुढे जी चूक झाली तीही याच अभिमानापोटी झाली, म्हणून दोन्ही एकत्र सांगितलेलं बरं.

बेलापूरच्या डॉक्टरबाईंनी रिद्धीला तीन वेळा बोलावून, तिच्याबरोबर खाली सतरंजीवर बसून, खेळून बघितलं आणि मग सांगितलं की हा ऑटिझम आहे. बोलण्याची थेरपी, हातांच्या कामाची थेरपी, घरात रोज थोडा थोडा सराव, असं त्यांनी समजावलं. मी विचारलं, "आणि औषध?" त्या म्हणाल्या, "ऑटिझम घालवणारं औषध नाही, ताई. कोणी आहे म्हणालं तर घेण्याआधी एकदा माझ्याकडे या." मी मान हलवली, फाईल उचलली आणि घरी येऊन औषध आहे म्हणणारा माणूस शोधायला लागले.

तो सापडायला वेळ लागत नाही. एका चकचकीत सेंटरमध्ये एक सर होते. ते डॉक्टर नव्हते, पण बोलणं फार गोड. त्यांनी रिद्धीचे केस कापून तपासायला पाठवले. रिपोर्ट आला त्यात पारा, शिसं, आर्सेनिक, सगळ्यांपुढे आकडे आणि लाल रेघा. बाहेर बसलेल्या बाकीच्या आया गोंधळून बघत होत्या आणि मला मात्र उलट हायसं वाटलं. ही माझी भाषा होती! दिवसभर मी हेच तर शब्द लिहीत असते. सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही सायन्सच्या आहात, तुम्हाला जास्त सांगायची गरज नाही." त्या एका वाक्यावर मी विकली गेले. रिपोर्ट कुठल्या प्रयोगशाळेचा, पद्धत कुठली, आकडा कशाशी ताडून बघितला, यातलं एक अक्षर मी विचारलं नाही. कारखान्यात कोणी असा कागद माझ्या टेबलावर ठेवला असता तर मी तो परत पाठवला असता.

शरीरातलं विष बाहेर काढणारे थेंब सुरू झाले. गहू बंद, दूध बंद आणि पाऱ्यामुळे मासे बंद. रिद्धी मुळात चार-पाच गोष्टीच खायची. भात, भाकरी, केळं आणि माझ्या आईने तळलेले बोंबील. बोंबील गेला आणि पोरीचं जेवणच गेलं. महिनाभरात तिच्या गळ्याची हाडं दिसायला लागली. वर थेंबांनी उलट्या. मी सरांना फोन केला की ते म्हणायचे, विष बाहेर पडतंय, चांगली खूण आहे. एखाद्या दिवशी ती शांत असली की तेही म्हणायचे आणि मीही म्हणायचे, बघा, थेंब लागू पडले. आयांचा एक ग्रुप होता, त्यात रोज सकाळी कोणी ना कोणी लिहायचंच, आज माझ्या बाळाने डोळ्यांत बघितलं. मीही लिहायचे. खोटं नव्हते लिहीत. मला खरंच तसं दिसायचं.

आई मात्र उखडली होती. एकदा बोंबलाचा डबा घेऊन आली आणि मी तो दारातच परत दिला, तर तिथेच उभी राहून म्हणाली, "माज्या म्हावऱ्यावर तू मोटी झालीस, त्याच म्हावऱ्यावर बी.एस्सी. झालीस. तवा नाय चढला गो तुला पारा?"

"आई, तुला त्यातलं कळत नाही."

"नाय कळत. पन पोरीचा गळा दिसतंय ना मला."

मग सरांनी सांगितलं की थेंबांचं काम झालं, आता सलाईनमधून औषध द्यायचं. हाताला सुई, दोन-दोन तास, बारा वेळा. मिस्टर एरवी फार बोलणारे नाहीत. ते बंदरात कंटेनर उचलण्याचं मशीन चालवतात आणि तिथल्यासारखंच घरातही खुणेनेच बोलतात. पण त्या दिवशी ते म्हणाले, "एकदा डॉक्टरबाईंना विचारूया." मी म्हटलं, "त्या नाहीच म्हणणार." ते म्हणाले, "मग कोणाला विचारायचं?" मी तोडून टाकल्यासारखं म्हटलं, "देवीला."

आमच्या गावदेवीला कौल लावायची रीत आहे. खाडीच्या बाजूला लहानसं देऊळ, आत शेंदूर लावलेली देवी, तिलाही आम्ही आईच म्हणतो, चांदीचे डोळे. भगत मोगऱ्याच्या दोन कळ्या पाण्यात भिजवून तिच्या दोन खांद्यांना चिकटवतो आणि प्रश्न घालतो. जी कळी आधी खाली येईल ते उत्तर. प्रश्न घेऊन आलेल्या माणसाने उंबऱ्याबाहेर हात जोडून उभं राहायचं, कळ्यांना हात लावायचा नाही. लहानपणापासून मी हे बघत आले. पण तो कौल कसा बांधलेला असतो, याचा विचार मी कधी केला नव्हता.

मंगळवारी सकाळी आई, मी आणि रिद्धी देवळात गेलो. आमचे भगत पोशाबाबा, ऐंशीच्या पुढचे, शाळेचं तोंड न बघितलेले. त्यांनी कळ्या भिजवल्या आणि नेहमीसारखं विचारलं, "बोल बाय. उजवी पडली तं काय समजायचा?"

"उजवी पडली तर पोरीला सलाईन लावायचं."

"आनि डावी पडली तं?"

मी अडखळले. मग जे खरं मनात होतं तेच तोंडातून निघालं. "डावी पडली तर... आई माझी परीक्षा बघतेय असं समजायचं. अजून कडक उपास धरायचा आणि मग लावायचं."

पोशाबाबांनी माझ्याकडे बघितलं. खांद्याजवळ नेलेला हात मागे घेतला, दोन्ही कळ्या परत पानावर ठेवल्या आणि धोतराला हात पुसला. "मंग आईला कशाला दमवतंस? तुजा तं ठरलेलाच हाय."

"बाबा, असं काय करता, लावा ना."

"नाय लावायचो. जिला दोनी खांद्यांवरून हो पाहिजे, तिला कौल नाय. कंच्या गोष्टीन तू थांबशील, ता आदी ठरव. मंग ये."

मला एवढा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. शिकलेली पोर, आणि देवळातून परत पाठवली! मी रिद्धीला उचलायला वळले तर ती जागेवर नव्हती. ती गाभाऱ्याच्या कडेला बसली होती. त्या सकाळी कोणाचा तरी नवस फेडायचा होता, त्याचा निवद आला होता, आमच्यात असतो तसा, तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील. पोशाबाबांनी केळीच्या पानावर त्यातला वाटा काढून तिच्यापुढे ठेवला होता आणि ती खात होती. मान खाली घालून, दोन्ही हातांनी, अर्धी भाकरी आणि दोन बोंबील. कित्येक आठवड्यांत तिला असं खाताना मी बघितलं नव्हतं. मी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. देवीच्या प्रसादाला पारा म्हणायची माझी छाती झाली नाही.

मासे बंद आहेत हे पोशाबाबांना माहीत नव्हतं. मी नंतर आईला विचारलं, तिने देवीकडे बघून शपथ घेतली की आपण शब्द काढला नव्हता. नवस त्याच दिवशी का फेडला गेला, निवदात बोंबीलच का होता, याचा हिशोब मी मांडत बसत नाही. मला जे दिसलं ते मी लिहिलं. घरी जाताना आईच्या टोपलीतले बोंबील मी मुकाट्याने पिशवीत घेतले. आईसुद्धा त्या वेळी टोमणा मारायची विसरली.

पण पोशाबाबांचा प्रश्न तसाच होता. कशाने मी थांबेन? आठवडाभर मी उत्तर शोधत होते आणि मला ते सापडत नव्हतं. उलटी झाली तर थांबेन? ती तर चांगली खूण होती. वजन घटलं तर? तेही सरांनी समजावलं होतं. काहीच बदललं नाही तर? मग डोस वाढवायचा. माझ्या लक्षात आलं की मी अशा जागी उभी आहे जिथे 'नाही' आत यायला दारच नाही.

उत्तर मिळालं ते कारखान्यात, रोजच्या बाटल्या लावताना. आम्ही नमुन्यांबरोबर ब्लँक नावाची एक बाटली लावतो. तिच्यात नुसतं शुद्ध पाणी. त्या पाण्यातही जर काही सापडलं, तर दोष नमुन्याचा नाही, आपल्या हातांचा. बऱ्याचदा आमचे साहेब कोणती बाटली ब्लँक आहे हे मला सांगतच नाहीत, म्हणजे माझं मन आकड्यात शिरत नाही. ती बाटली हातात धरून मी उभीच राहिले. आठ वर्षं मी दुसऱ्यांच्या पाण्याला ब्लँक लावत होते आणि माझ्या पोटच्या पोरीसाठी लावला नव्हता. अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्याने जे एका वाक्यात सांगितलं, ते माझ्या भिंतीवरच्या पदवीत लिहिलेलंच होतं.

पुढच्या मंगळवारी मी परत गेले आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून मोठ्याने बोलले, देवीला ऐकू जाईल असं. चार आठवडे. बाटली मिस्टर भरतील. काही आठवडे थेंब, काही आठवडे नुसतं पाणी, मला न सांगता. मी रोज संध्याकाळी वहीत लिहीन, झोप कशी, जेवण कसं, किती वेळा ओरडली, डोळ्यांत बघितलं का. शेवटी वही बघून मी थेंबांचे आठवडे ओळखले तर पुढचं बघू. नाही ओळखले तर सगळं बंद, सलाईनही बंद, आणि मी परत विचारायला येणार नाही. पोशाबाबा ऐकत होते. त्यांनी कळ्यांना हातच लावला नाही. नुसता अंगारा दिला आणि म्हणाले, "आता आईला समाजला, तू काय विचारतंस."

सरांना मी महिनाभर थांबायला सांगितलं, कारणही सांगितलं. त्यांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. "मॅडम, श्रद्धा पाहिजे. शंका घेतली की रिझल्ट येत नाही." येताना रिक्षात मी एवढाच विचार करत होते की देवीच्या दारात प्रश्न कसा विचारायचा याला रीत होती आणि सरांच्या केबिनमध्ये प्रश्नालाच मनाई होती. श्रद्धेची जागा यातली कोणती?

चार आठवडे झाले. रविवारी आई आली, मिस्टरांना सुट्टी होती, रिद्धी खिडकीच्या गजांना बोट लावत बसली होती. मी वही उघडली आणि अगदी प्रयोगशाळेत वाचते तशी वाचली. पहिला आठवडा, थेंब. उलट्या थांबल्या, विष संपत आलं असावं. दुसरा आठवडा, पाणी. चिडचिड जास्त. तिसरा, थेंबच, शंका नाही. दोनदा माझ्याकडे बघून हसली. चौथा, पाणी. मी मिस्टरांकडे बघितलं. 

"चारही आठवडे पाणीच होतं," ते म्हणाले.

मला काही कळेना.

"मी डॉक्टरबाईंकडे बाटली घेऊन गेलो होतो. त्या म्हणाल्या, यातला एक थेंबसुद्धा पोरीच्या पोटात जाऊ देऊ नका, किडनीला धोका आहे, आणि सलाईनचं तर नावच काढू नका. मग मी काय करणार होतो? तुला सांगितलं असतं तर तू ऐकली असतीस?"

नसती ऐकली. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.  मग आईच म्हणाली, "बारावी नापास जावयान बी.एस्सी.ला नापास केला गो बाय," आणि आधी मिस्टर हसले, मग आई, आणि मग मी, हसता हसता मी एवढी रडले की रिद्धीने कानांवर हात ठेवले.

मी सायन्सची आहे म्हणून एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिते. तो थेंबांचा प्रयोग नव्हता, कारण थेंब त्यात नव्हतेच. डॉक्टरबाईंनी नंतर समजावलं की तसे प्रयोग जाणकारांनी नीट केलेले आहेत, मुलांचा फायदा दिसलेला नाही आणि इजा झालेली आहे. आमच्या घरात जे तपासलं गेलं ते माझे डोळे. माझ्या शुद्ध पाण्यात मला औषध दिसलं होतं. उलट्या थांबल्या कारण थेंब थांबले होते आणि पोर हसली कारण तिच्या पोटात बोंबील-भाकरी होती. आणि ते बोंबील कोणी सुरू केले होते, ते मी वर लिहिलंच आहे.

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. वही उलटसुलट बघून म्हणाल्या, "ही चालू ठेवा. आता मी जे सांगेन त्यालाही हीच वही लावा. तीन महिन्यांनी काही हललं नाही तर माझ्याशीही भांडा." मला तिथेच कळलं की ही बाई खरी आहे. थेरपी सुरू झाली, आठवड्यातून दोनदा तिथे आणि रोज घरी. तिथल्या टीचरनी चित्रांची कार्डं दिली, मुलाला जे हवं त्याचं चित्र त्याने समोरच्याच्या हातात द्यायचं. सफरचंद, बिस्किट, चेंडू. रिद्धी ती जमिनीवर फेकून द्यायची. मी वहीत लिहीत राहिले, आज नाही, आज नाही, आज नाही. तो 'नाही' लिहिणं आता मला जमायला लागलं होतं. मग आईनेच एकदा कार्डं चाळली आणि म्हणाली, "ह्या पोरीला सफरचंद कवा आवारला? बोंबलाचा फोटो नाय काय तुमच्यात?" मी मोबाईलवर आईच्या ताटातल्या तळलेल्या बोंबलाचा फोटो काढला, छापला, प्लास्टिक चढवलं.

अकराव्या दिवशी दुपारी रिद्धी स्वयंपाकघरात आली, ते कार्ड उचललं, आईच्या मांडीजवळ गेली आणि तिच्या हातात दिलं. आणि वर बघितलं. हाताकडे नाही, तोंडाकडे. माझी आई बाजारात हाका मारून मारून घसा कमावलेली बाई, पण तेव्हा तिने नुसता तवा ठेवला. संध्याकाळी सारसोळ्याच्या गल्लीत मात्र तिने घराघरात जाऊन सांगितलं, माजे नातीन माज्याकडं मागून खाल्ला.

पोशाबाबा मागच्या वर्षी गेले. मी त्यांचे पाय धरायला गेले होते तेव्हा ते म्हणाले होते, मी काय केला, कळ्या तं लावल्याच नाय. खरं आहे. कृपा म्हणजे मागितलेलं मिळणं, असं मी समजत होते. माझ्या वाट्याला ती आली तेव्हा मागितलेलं नाकारलं गेलं होतं आणि पोरीपुढे केळीचं पान ठेवलं गेलं होतं. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून कोणाच्याही हातात बाळ देणं नाही, हे मी शिकले. डावी कळी पडली तर ती डावीच म्हणायची, एवढी तयारी करून हात जोडणं, याला मी आता शरण जाणं म्हणते. ते उपासापेक्षा अवघड आहे.

त्या ग्रुपमधल्या काही आया आता माझ्याकडे येतात. कोणी ऑक्सिजनच्या पेटीत मुलाला बसवायच्या उपचाराचं पत्रक आणतं, कोणी उंटिणीच्या दुधाची पावडर, कोणी दूरच्या शहरातल्या इंजेक्शनचा पत्ता. मी कोणाला हसत नाही, मी स्वतः तिथून आले आहे. चहा ठेवते आणि एकच विचारते, काय झालं तर तुम्ही थांबाल? पुष्कळ वेळा उत्तर येत नाही. मग मी त्यांच्याबरोबर डॉक्टरबाईंकडे जाते. ज्या दिवशी त्यातली एखादी आई सलाईनला नको म्हणून पोराला घरी घेऊन जाते, त्या दिवशी मला माझ्या पदवीचा जेवढा अभिमान वाटतो तेवढा ती मिळाली तेव्हाही वाटला नव्हता.

रिद्धी आता सात वर्षांची आहे. ऑटिझम गेलेला नाही, जाणारही नाही. हॉर्न वाजला की ती कानांवर हात ठेवते, पण आडवी पडत नाही. सतरा शब्द तिला स्पष्ट बोलता येतात, बाकीचं कार्डांवर. घरात कुकर शिट्टी मारतो; ती वाजायच्या आधी मी कार्ड दाखवते आणि ती स्वतः हेडफोन लावते. महापालिकेच्या शाळेत पहिलीत बसते. आणि रोज दुपारी माझी मुलगी स्वतः मागून पोटभर जेवते.